‘केक’ एक, चिनी शब्द तीन

विचारणा अशी आहे: मध्यशरद सणाचा भाजलेला ‘मूनकेक’, नववर्षाचा चिकट ‘राइस केक’ आणि तैवानचा ‘पाइनॅपल केक’ यांत काहीच सारखे दिसत नाही, मग तिन्ही केक कसे? आणि मराठीत लिहिताना काय लिहावे?

‘केक’ हे नाव इंग्रजीने दिले. चिनीत हे तिघे अनुक्रमे युएबिंग, न्येनगाओ आणि फंगलीसू. नावाचे शेवटचे चिनी अक्षर (बिंग, गाओ, सू) पाहिले की पदार्थाची जात कळते. (यातले ब आणि ग कानाला प आणि क यांच्या जवळचे लागतात. ‘बीजिंग’च्या वळणाने मी इथे ब-ग लिहितो आहे.)

बिंग म्हणजे मुळात पाणी घालून मळलेल्या कणकेचा पदार्थ. चीनमधल्या हान घराण्याच्या काळाच्या अखेरीस ल्यू शी या कोशकाराने या शब्दाची फोड ‘एकत्र येणे’ अशी केली, कारण पीठ आणि पाणी एक होतात. तेव्हा अर्थ इतका ऐसपैस होता की रश्शातल्या शेवयांनाही थांगबिंग, म्हणजे ‘रश्शातले बिंग’, म्हणत. वायव्येकडच्या परक्या लोकांकडून आलेले ते हूबिंग. सम्राट लिंग (कारकीर्द १६८ ते १८९) त्याचा शौकीन होता. पुढे शेवया वेगळ्या झाल्या आणि बिंग हे नाव मुख्यतः चपट्या, गोल पदार्थांकडे राहिले. युए म्हणजे चंद्र.

गाओच्या अक्षरात डावीकडे तांदळाची खूण असते. तांदळाचे पीठ, बहुधा वाफवलेले. न्येन म्हणजे वर्ष, आणि ‘उंच’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही गाओच, म्हणून न्येनगाओ खाल्ले की वर्षागणिक चढती कमान. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला डोंगर चढायची प्रथा आहे. ज्यांना चढणे जमत नाही त्यांनी गाओ खावे. पाश्चात्त्य केक आला तेव्हा मात्र त्याला दानगाओ, ‘अंड्याचे गाओ’, म्हटले गेले, आणि तांदळाची अट तिथे सुटली.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो सू. आज त्याचा अर्थ खुसखुशीत, पण मूळ अर्थ दुधातला स्निग्धांश. पाचव्या शतकात महापरिनिर्वाणसूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनीत आला, त्यात दूध, दही, लोणी, तूप आणि तुपाचा अर्क अशी चढती ओळ आहे. अनुवादकांनी लोण्याला ‘कच्चे सू’ म्हटले आणि तुपाला ‘पक्के सू’. तिबेटी लोण्याच्या चहाला चिनीत आजही सूयोउछा म्हणतात. सू तुंगपो या कवीने (१०३७ ते ११०१) चंद्र चावल्यासारख्या छोट्या बिंगचे वर्णन केले आहे, आणि आत सू आणि माल्टची साखर आहे असे तो सांगतो. ते सू अजून पदार्थाचे नाव नाही, आत घातलेली वस्तू आहे.

बहुसंख्य चिनी स्वयंपाकात दूधदुभते बेताचे, म्हणून मोहनाची जागा डुकराच्या चरबीने घेतली. सूचे लोणी गेले, त्याने येणारा खुसखुशीतपणा राहिला. सूजोउ शहराच्या पद्धतीच्या युएबिंगचे आवरण पाहा: एक कणीक पाणी आणि चरबी घालून मळलेली, दुसरी नुसत्या चरबीत चोळलेली. दुसरी पहिलीत गुंडाळतात, लाटतात, घडी घालतात, पुन्हा लाटतात. साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. म्हणजे हा पदार्थ नावाने बिंग आणि आवरणाने सू. फंगलीसूला पदर नसतात, ते तोंडात भुगा होऊन विरघळते, आणि त्यात हल्ली सर्रास लोणीच घालतात. शब्द फिरून मूळ वस्तूपाशी आला.

गोडीचाही एक धागा भारताशी जुळतो. इ. स. ६४७ च्या सुमारास थांग घराण्याच्या सम्राट ताइझोंगने उसाची साखर कढवण्याची रीत शिकायला मगधाला माणसे धाडली आणि मग चीनमधल्या यांगजोउकडून ऊस मागवून तीच रीत वापरायला लावली.

आता मराठीत काय लिहावे? युएबिंग, न्येनगाओ, फंगलीसू हीच नावे ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाला चार शब्दांत पीठ आणि कृती सांगावी: ‘सारण भरून भाजलेले गव्हाचे युएबिंग’, ‘चिकट तांदळाचे वाफवलेले न्येनगाओ’, ‘अननसाच्या सारणाचे खुसखुशीत फंगलीसू’. मूनकेक हा शब्द वाचकांच्या ओळखीचा झाला आहे, तो कंसात द्यायला हरकत नाही. न्येनगाओला मात्र राइस केक म्हणू नये; त्या नावाने कुरमुऱ्यांच्या कोरड्या चकत्याही विकल्या जातात, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर त्याच येतील.