बऱ्याच वर्षांनी सायकल सुरू केली आणि गुडघे दुखायला लागले. नी-कॅप घेऊ की सायकल विकू?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, कॉलेजनंतर पहिल्यांदाच सायकल, तीही गियरची. तीन आठवडे रोज १५ किलोमीटर चालवली आणि आता जिना उतरताना वाटीच्या आसपास दुखतं.

विकू नका. आधी सीट किती उंच आहे ते बघा.

चार वर्षांपूर्वी माझंही हेच झालं होतं. पुण्यात वाढलो, शाळा-कॉलेज सगळं सायकलवर, त्यामुळे 'सायकल काय, येतेच आपल्याला' ही मस्ती. नवी सायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी खडकवासल्याला जाऊन कणीस खाऊन आलो. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसचा जिना कठडा धरून उतरत होतो. घरचे म्हणाले, वय झालं आता. वय झालं होतंच थोडं, पण सीटसुद्धा दोन बोटं खाली होती.

कारण दुकानात विचारलं होतं, "पाय टेकतायत ना?" मी टेकवून दाखवले. आपल्या डोक्यात सायकलचं माप म्हणजे एवढंच. मोठ्या माणसाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकलेले आपण, पाय टेकले की जीव भांड्यात पडतो. पण सीटवर बसून दोन्ही पावलं सपाट टेकत असतील, तर साध्या सायकलवर ती सीट पॅडल मारायला हमखास खाली असते. पॅडल वर येतं तेव्हा गुडघा नको इतका दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या गुडघ्यावरच आपण जोर काढतो. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाभरात एकेका गुडघ्याचे ४८०० फेरे होतात. चूक बोटभर असली तरी ती तितक्या वेळा होते. थांबायचं असेल तेव्हा सीटवरून पुढे सरकून उतरायचं आणि नळीच्या दोन बाजूंना पाय टेकायचे. सिग्नलला पहिले काही दिवस धांदल उडते, मग सवय होते.

माप असं घ्या. सायकल भिंतीला लागून उभी करा, एक हात भिंतीला, पायात रोजचेच बूट. पॅडलवर टाच ठेवा आणि ते उलटं फिरवत अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण टाच पोचवायला कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता टाचेच्या जागी चवडा ठेवा. गुडघ्यात आपोआप थोडा बाक येईल, साधारण २५ ते ३५ अंशांचा. चालवतानाही चवडाच पॅडलवर हवा. पावलाचा मधला भाग ठेवून चालवायची आपली जुनी खोड असते, ती मोडा.

आकडेमोड आवडत असेल तर तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमंडच्या नावाने एक सूत्र चालतं : अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्यायचं आणि ०.८८३ ने गुणायचं. ८० सेंटीमीटर असेल तर क्रँक (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो हात) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ येतात. मला टाचेची रीतच पुरते.

आणि माझ्यासारखं तिरीमिरीत करू नका. मी एकदम तीन बोटं वर केली. वाटीचं दुखणं थांबलं, पण चार दिवसांत मागे लवणीत ओढ लागायला लागली. मागून येणारा मित्र म्हणाला, "अरे, तुझी कंबर नाचतेय!" म्हणजे आता सीट जास्त उंच. तेव्हापासून पाच-पाच मिलिमीटर, प्रत्येक वेळी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण, आणि मध्ये दोन-तीन फेऱ्या. ढोबळ हिशेब हाच : गुडघ्यात पुढे दुखलं तर सीट फार खाली किंवा फार पुढे आहे, मागे दुखलं तर फार वर किंवा फार मागे आहे. पुढे-मागेसाठी गवंड्याचा ओळंबा आठवा. क्रँक आडवा करा, दोऱ्याला नट बांधून वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून सोडा. तो पुढच्या पॅडलच्या आसावर आला की पुष्कळ झालं, तिथून फारसं खेळू नका. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर चालवताना खाली बघा. गुडघे बाहेर फाकतायत का, पावलं वाकडी पडतायत का?

सीटइतकाच दोष गियरचा. जड गियर टाकला की जास्त व्यायाम होतो, हा समज कुठून आला कोण जाणे. त्याने गुडघ्याचा व्यायाम होत नाही, भार होतो. सपाट रस्त्यावर १५ सेकंद फक्त उजव्या पायाचे फेरे मोजा. मी मोजले तेव्हा १३ भरले, म्हणजे मिनिटाला ५२. आता १९-२० पडतात, आणि वेग उलट जरा वाढलाच आहे. सुरुवातीला पाय उगीच भिरभिरल्यासारखे वाटतील, वाटू द्या. पुढे तीन चक्रं असतील तर मधल्यावर राहा, चढाला छोटं. सिग्नल दिसला की थांबण्याआधीच गियर हलका करा, कारण या सायकलींचा गियर चेन फिरत असतानाच बदलतो. जड गियरमध्ये थांबलात तर हिरवा होताच उभं राहून पहिला धक्का मारावा लागतो, आणि तो धक्का गुडघा विसरत नाही.

रोज १५ मात्र कमी करा. महिनाभर एक दिवसाआड, आठ-दहा किलोमीटर, सपाट रस्ता. दम लवकर वाढतो, पण स्नायूबंध सावकाश तयार होतात, आणि या दोघांच्या मधल्या काळातच आपण शहाणपण सोडतो. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या चढाला मी सहा महिन्यांनी गेलो, तेही दोनदा थांबत. भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीवर बसायचा व्यायाम सुरू करा. गुडघा कुरकुरला तर कमी वाका.

सूज असेल, गुडघा अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

नी-कॅप मीही घेतली होती. उबदार वाटायचं, त्या भरात चार किलोमीटर जास्त मारायचो आणि संध्याकाळी परत कठडा. आता ती ड्रॉवरमध्ये आहे, पाना आणि चिकटपट्टीशेजारी.