बोट लागू नये म्हणून, आणि लागलीच तर

पावसाळा सरला की मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या क्रूझ सुरू होतात. सिंगापूर आणि दुबईहून सुटणाऱ्या जहाजांवरही आता मराठी मंडळी भरपूर असतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी औषधांच्या पिशवीबद्दल आहेत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. गर्भवतींनी आणि ज्यांची रोजची औषधं चालू आहेत त्यांनी इथलं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

घाटात मला हमखास गाडी लागते. आता लक्षद्वीपच्या क्रूझचं बुकिंग झालंय. घरात पॅन-डी आणि एमसेट आहेत. तेवढ्यावर भागेल ना?
एक वाचक, डोंबिवली

नाही भागणार. ही दोन्ही पोटाच्या तक्रारींची औषधं आहेत आणि बोट लागते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे तो मेंदूला कळवतो की आपण हलतोय. केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे कळवतात की सगळं जागच्या जागी आहे. या गोंधळातून मळमळ सुरू होते. एमसेटमधलं ऑन्डान्सेट्रॉन किंवा पॅन-डीमधलं डॉम्पेरिडोन तिथे फारसं काही करू शकत नाही.

यासाठी लागतं ते सिनारिझिन (स्टुजेरॉन, २५ मिलिग्रॅम) किंवा प्रोमेथाझिन थिओक्लेट (ॲव्होमिन, २५ मिलिग्रॅम). दोन्हींपैकी एकच, दोन्ही मिळून नाही. सिनारिझिनची एक गोळी बोट सुटायच्या दोन तास आधी घ्या, मग गरज वाटली तर दर आठ तासांनी एक. ॲव्होमिन आदल्या रात्री झोपताना घेतली तरी चालते, पण तिने झोप जास्त येते. दोन्ही गोळ्यांवर दारू नको, गुंगी दुप्पट होते. पार्किन्सनच्या रुग्णांना सिनारिझिन चालत नाही, काचबिंदू असलेल्यांनी ॲव्होमिन विचारल्याशिवाय घेऊ नये.

बहुतेकांची चूक वेळेची असते. उलटी सुरू झाल्यावर गोळी गिळली तर ती बाहेर तरी पडते, नाहीतर पोटातच पडून राहते, कारण मळमळताना जठराचं काम मंदावतं. म्हणून गोळी आधी. आणखी एक करा: निघायच्या आठवडाभर आधी, एखाद्या रविवारी घरीच एक गोळी घेऊन बघा. काहींना तिने दिवसभर पेंग येते. हे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर उतरायच्या सकाळी कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

शरीराला समुद्राची सवय व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, म्हणून माणशी दहा गोळ्यांची एक पट्टी पाच रात्रींना पुरून उरते. केबिन अजून निवडायची असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध असलेली घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. मळमळू लागलं की मोबाइल ठेवून द्या, डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघत राहा. उपाशीही राहू नका आणि बुफेवर तुटूनही पडू नका. आलेपाकाच्या वड्या खुशाल न्या. काहींना आल्याने खरोखर बरं वाटतं, पण गोळीची जागा आलेपाक घेईल असं समजू नका. मनगटाला बांधायच्या पट्ट्यांवर मात्र आमचा भरवसा नाही.

घरी परतल्यावर एक-दोन दिवस बिछाना हलल्यासारखा वाटतो. त्याला औषध लागत नाही.

आम्ही चार मोठी माणसं, पाच रात्री. नेमकं काय आणि किती घ्यावं?
एक वाचक, सांगली

जहाजावर दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. तपासणीचं बिल केबिनच्या खात्यावर पडतं, परदेशी जहाजावर ते डॉलरमध्ये असतं आणि विम्याचे पैसे नंतर मागावे लागतात. त्यामुळे किरकोळ गोष्टींसाठी पिशवी जवळ हवी. पण ती किरकोळ गोष्टींपुरतीच. छातीत दुखणं, दम लागणं, न उतरणारा ताप यावर पिशवीत हात घालायचा नाही, दवाखान्यात फोन करायचा.

चौघांत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन पट्ट्या, ॲलर्जीसाठी सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक, जुलाब थांबवायला लोपेरामाइड २ मिलिग्रॅमची एक, चघळायच्या अँटासिडची एक पट्टी किंवा इनोच्या सहा पुड्या. ओआरएसच्या छोट्या पुड्या बारा. इसबगोल विसरू नका. प्रवासात बद्धकोष्ठही बऱ्याच जणांना गाठतं. मात्र ते पेलाभर पाण्यातच घ्यायचं, कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकू शकतं. शिवाय पोव्हिडोन आयोडिनचं मलम, दहा-बारा बँडेड, एक क्रेप बँडेज, कॅलामाइन लोशन, डिजिटल थर्मामीटर, सनस्क्रीन आणि किनाऱ्यावर उतरताना लावायला डास पळवणारं क्रीम. वातानुकूलित केबिनमध्ये नाक कोरडं पडतं, त्यासाठी साध्या सलाइनचे नाकात घालायचे थेंब पुरतात.

दुकानदाराला पट्टी कापू देऊ नका. चार गोळ्या मागितल्या की कात्री चालते आणि औषधाचं नाव, मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. आठवड्याने पिशवीतली ती चार गोळ्यांची चांदी कशाची हे कुणालाच सांगता येत नाही.

ओआरएसबद्दल थोडं सविस्तर. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलिलिटरची. केबिनमध्ये मिळणारी पाण्याची बाटली सहसा अर्ध्या लिटरची. मोठी पुडी तिच्यात ओतली की द्रावण दुप्पट तीव्र होतं, उलटी वाढते आणि जुलाबही वाढू शकतात. अर्धी पुडी घालावी तर क्षार आणि ग्लुकोज सारखे वाटले जात नाहीत. म्हणून छोट्या पुड्या घ्या: एक पुडी, एक पेला. कालवलेलं द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यायचं. आणि टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली ती त्यासाठीच.

नातू साडेतीन वर्षांचा, वजन १२ किलो. तापाचं औषध आणि सर्दीचं सिरप कोणतं घेऊ?
एक आजी, पुणे

तापाचं घ्या, सर्दीचं घेऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं पाकिटावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. नाकात सलाइनचे थेंब आणि कोमट पाणी एवढंच.

पॅरासिटामॉलची गडबड होते ती बाटलीच्या ताकदीमुळे. एकाच नावाची दोन सिरपं मिळतात: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे नातवाला एका वेळी १८० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ते ७.५ मिलिलिटर होतं, दुसरीतून ३.६. घरची सवय पहिल्या बाटलीची असेल आणि प्रवासासाठी दुसरी आणली तर ७.५ मिलिलिटरमध्ये दुपटीहून जास्त औषध जाईल. बाळांसाठीचे थेंब तर आणखी तीव्र असतात. म्हणून रोजची तीच बाटली न्या, तिच्यावर मात्रा पेनाने लिहा आणि चमच्याऐवजी सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज ठेवा. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही.

जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक (दिवसाला २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस). लोपेरामाइड लहान मुलांना अजिबात नाही. बोट लागण्याची मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार लिहून घ्या.

वडील ६८ वर्षांचे, रक्तदाब आणि प्रोस्टेट दोन्ही. त्यांच्यासाठी वेगळं काही?
एक वाचक, नाशिक

हो, त्यांच्या पिशवीतून काही गोष्टी काढायच्या आहेत. सर्दीच्या एकत्रित गोळ्यांत (सिनारेस्टसारख्या) फेनिलएफ्रिन असतं, त्याने रक्तदाब वाढू शकतो. त्यातल्याच क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते. ॲव्होमिनमुळेही तसंच होऊ शकतं, त्यामुळे बोटीची गोळी त्यांच्यासाठी डॉक्टरांनीच निवडावी. अंगदुखीवर कॉम्बिफ्लाम नको. त्यातलं आयब्युप्रोफेन रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम कमी करतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. साधं पॅरासिटामॉल द्या, पण त्यासोबत सर्दीची गोळी देऊ नका. तिच्यातही पॅरासिटामॉल असतं आणि बेरीज कुणी करत नाही. सगळं मिळून मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, वयस्कर आणि किडकिडीत माणसाला त्याहून कमी.

रक्तदाबाच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांच्या जास्त असू द्या. हवामान बिघडलं की जहाज उशिरा लागतं.

जहाजावर जुलाब झाले आणि सांगितलं तर केबिनमध्ये डांबतात म्हणे. मग गुपचूप ओ-टू घेतली तर?
एक वाचक, ठाणे

डांबतात हे खरं आहे आणि त्याला कारणही आहे. जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस विष्ठेतून आणि उलटीतून पसरतो. बुफेच्या एका पळीला शंभर हात लागतात. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याला पुरेसं मारत नाही, साबण आणि पाणीच लागतं, किमान वीस सेकंद. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच झाले की दवाखान्याला कळवा.

ओ-टू म्हणजे ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल. दुकानदार देतो म्हणून ते चिठ्ठीविना घ्यायचं औषध होत नाही. पाकिटावर आरएक्सची खूण पाहा. विषाणूवर प्रतिजैविक काहीच करत नाही, उलट पोट आणखी बिघडवतं. लोपेरामाइडही जपून: सुरुवातीला दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला एकूण चार. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर एकही नाही. किनाऱ्यावरच्या बसप्रवासापुरता तिचा उपयोग आहे. रोग बरा होतो तो पाण्याने आणि क्षारांनी.

सिंगापूरहून क्रूझ आहे, पुढच्या वर्षी दुबईहून. घरगुती चूर्णं आणि पाठदुखीच्या गोळ्या नेल्या तर अडवतील का?
एक वाचक, बदलापूर

चूर्ण सीलबंद, छापील लेबलसह असेल तर सहसा अडचण येत नाही. आईने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली पांढरी-पिवळी पूड कस्टमवाल्याला काय सांगणार? होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांचंही तेच. बाटलीवर नाव नसेल तर घरी ठेवा.

पाठदुखीच्या गोळीचं पाकीट वाचा. ट्रामाडॉल असेल, खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा झोपेच्या गोळीत अल्प्राझोलाम असेल, तर ती नियंत्रित औषधं आहेत. संयुक्त अरब अमिरातीत त्यांच्यासाठी आधी सरकारकडून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, सिंगापुरातही अशा औषधांना आधी मंजुरी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह हवी, नुसत्या ब्रँडच्या नावाने काम होत नाही. बंदरावर जहाज चार तासच थांबणार असलं तरी नियम लागू होतात.

औषधांच्या पिशवीत नसलेली, पण सगळ्यात जास्त गोत्यात आणणारी एक गोष्ट सांगायलाच हवी: खसखस. अमिरातीत तिला अमली पदार्थांच्या यादीत धरतात, सिंगापूरही तिच्याकडे त्याच नजरेने पाहतं. डिंकाचे लाडू आणि अनारसे दोन्हींत खसखस असते. दोन्ही घरी ठेवून जा.

वाफारा घ्यायचं यंत्र नेऊ का?
एक वाचक, कोल्हापूर

नको. इस्त्री, किटली आणि तापणारी इतर उपकरणं बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात, उतरताना परत देतात. गरम पाण्याची अंघोळ करताना न्हाणीघराचं दार लावून घेतलं तरी पुरेशी वाफ मिळते. केबिनमध्ये कापूरही जाळू नका.

ही पिशवी मोठ्या बॅगेत ठेवली तर चालेल?
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. तोवर जहाज सुटलेलं असतं आणि बोटीची गोळी बॅगेत असते. रोजची औषधं, इनहेलर, इन्सुलिन आणि बोटीची पहिली गोळी खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिनसाठी केबिनच्या मिनीबारवर विसंबू नका, तो पुरेसा थंड नसतो. दवाखान्याच्या फ्रीजबद्दल आधी विचारून ठेवा. शेवटच्या रात्रीही हेच: बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळची रक्तदाबाची गोळी त्यांच्याबरोबर जाणार नाही हे बघा.