टर्फ आत्ता नको, मुलांचा सराव मात्र सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा : वय 26, व्यावसायिक फुटबॉलपटू, कोपरखैरण्याला भाड्याचं घर, आईवडील पूर्णपणे अवलंबून. क्लबकडून वर्षाला 24 लाख मिळतात, कराराचे 14 महिने उरलेत. शिल्लक 38 लाख. त्यातले 25 लाख ट्रस्टमध्ये घालून वस्तीतल्या मुलांसाठी मोफत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, उभारावं का? सेनेगलचे फुटबॉलपटू सादिओ माने यांनी गावासाठी केलं, तसं काही करायचं आहे.

इच्छा मोलाची आहे आणि ती मोडायची नाही. फक्त माने यांचा क्रम नीट पाहा. त्यांच्या बांबाली गावातली शाळा 2019 ची, रुग्णालय 2021 चं. तोवर लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग आणि प्रीमियर लीग दोन्ही जिंकून झालं होतं. तुमच्या हातात आज 14 महिने आहेत.

टर्फमध्ये पैसे अडकतात ते जागेपायी. भाड्याची जागा बहुधा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर मिळते. मालकाने नूतनीकरण नाकारलं की अंथरलेलं गवत, जाळ्या, दिव्यांचे खांब सगळं उचलायचं. भूखंड सिडकोचा असेल तर भाडेपट्ट्यात हा वापर बसतो का, हे आधी वाचा. शिवाय ट्रस्टला दिलेला पैसा परत घरात येत नाही. उद्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि सहा-नऊ महिने बाहेर बसावं लागलं, तरीही नाही.

‘ट्रस्टमुळे कर वाचेल’ हेही मनातून काढा. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट नाही. उलट कर भरायचाच बाकी असेल : 2025-26 च्या दरांनी 24 लाखांवर, खर्च वजा न करता, सेससह 3.12 लाख होतात. क्लबने 10 टक्के टीडीएस कापला असेल तर 2.40 लाखच गेलेत. उरलेले 72 हजार ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांत भरा (15 जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च), नाहीतर व्याज लागतं.

आता वाटणी. घरखर्च भाड्यासकट 55 हजार लिहिला आहे. 18 महिन्यांचे 9.90 लाख एफडीत, हात न लावता. आईवडिलांचा आरोग्य विमा वेगळा घ्या, कारण क्लबचं संरक्षण करार संपला की संपू शकतं. अपघात विमा घेताना व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते आणि ते कळतं दाव्याच्या दिवशी.

मुलांसाठी 5.40 लाख बाजूला काढा. महिना 15 हजारांत आठवड्याला तीन संध्याकाळी, असलेल्याच मैदानावर, 30 मुलं : डी लायसन्स (प्रशिक्षणाचा सुरुवातीचा परवाना) असलेल्या प्रशिक्षकाचं मानधन, चार नंबरचे (मुलांच्या मापाचे) 15 चेंडू, खुणेसाठी 40 प्लास्टिकचे शंकू, संघ ओळखायला दोन रंगांची बिब्स (बिनबाह्यांची जाकिटं), प्रथमोपचार पेटी. मानधन ठरवताना मैदानाचं भाडं आधी वजा करा. महापालिकेच्या शाळेचं मैदान मागायचं तर अर्ज पावसाळ्याआधी द्या. एवढ्यात तीन वर्षं निघतात, करार वाढो न वाढो.

सुमारे 22 लाख उरतात. त्यावर 20 वर्षांचं गृहकर्ज काढू नका. पस्तिशीनंतर हप्ता कुठून येणार? निम्मे कमी जोखमीच्या फंडात, निम्मे महिन्या-महिन्याने इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड).

ट्रस्टचा विचार पुढचा करार सही झाल्यावर करा. तेव्हा नोंदणीचा अर्ज ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात द्यावा लागेल, आणि विश्वस्तांत घरच्यांशिवाय हिशेब कळणारा एक माणूस हवा.