डिकोडर रुंद करण्याआधी वेळ कुठे जातोय ते बघ

प्रिय बाय,

तुझा सिम्युलेशनचा प्लॉट बघितला, मेसेजही पूर्ण वाचला. फायनल इयरला एलसीडीचा 8 बिट सोर्स ड्रायव्हर, म्हणजे पिक्सेलना व्होल्टेज पुरवणारी चिप, घेतलास हे मला मनापासून आवडलं, आपल्या गोव्यात बरीच पोरं मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सरवरच थांबतात, चिपच्या आत शिरायला बघत नाहीत. पण "डिकोडरचे सगळे ट्रान्झिस्टर डबल रुंद करते म्हणजे स्पीड येईल" असं जे लिहिलंस ना, ते एवढ्यात करू नकोस. डिकोडर म्हणजे शेवटी रेझिस्टर स्ट्रिंगवरच्या 256 व्होल्टेजमधून बिटप्रमाणे एक निवडून बफरला देणारे स्विच.

आधी वेळेचा हिशोब घाल. फुल एचडी, 1080 ओळी, 60 हर्ट्झ, ब्लँकिंग (फ्रेमच्या मधला रिकामा वेळ) धरलं नाही तरी एका ओळीला साधारण 15.4 मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेच 4के, 2160 ओळी, 120 हर्ट्झ केलं की उरतात फक्त 3.86. लिक्विड क्रिस्टल स्वतः वळायला काही मिलिसेकंद घेतो मग एवढी घाई कशाला, असं तुला व्हायव्हात कोणीतरी नक्की विचारणार, तर उत्तर असं की त्या ओळीचे टीएफटी (पिक्सेलचे स्विच) बंद झाले की पिक्सेलवर त्या क्षणी जे व्होल्टेज असेल तेच पुढची फ्रेमभर राहतं, अर्धवट पोचलेलं असलं तर शेड चुकलीच. आणि या 3.86 मध्ये लेव्हल शिफ्टर (बिटचं व्होल्टेज वाढवणारा), डिकोडर, बफर (पॅनेलची लाइन ओढणारा अँप्लिफायर) आणि वर पॅनेलच्या डेटा लाइनचा स्वतःचा आरसी, म्हणजे रेझिस्टन्स-कपॅसिटन्सचा उशीर, सगळ्यांनी उरकायचंय. पॅनेल तुझ्या हातात नाही, म्हणून डिकोडरमध्ये वाचवलेला प्रत्येक नॅनोसेकंद मोलाचा.

आता तुझाच प्लॉट परत उघड आणि शेवटचा भाग झूम कर. सुरुवातीला रेघ सरळ तिरकी चढते, तो बफरचा स्ल्यू, म्हणजे त्याचा चढायचा कमाल वेग, तिथे डिकोडरचा काही संबंध नाही, बायस करंट आणि कॉम्पेन्सेशन कपॅसिटर बघायचा. नंतर रेघ वाकते आणि शेवटचे काही मिलिव्होल्ट रांगत रांगत जाते, तिथे आरसी असायची शक्यता जास्त. तुझी रेंज 5 व्होल्ट, 256 लेव्हल, म्हणजे एक स्टेप 19.5 मिलिव्होल्ट, तिच्या अर्ध्यापर्यंत यायला 6.24 टाऊ (टाऊ म्हणजे आर गुणिले सी) लागतात. खात्री करायची असेल तर बफरच्या जागी आयडियल सोर्स टाक, इनपुटला तेवढाच कपॅसिटन्स ठेव आणि परत रन कर, जे उरलं ते स्ट्रिंग आणि डिकोडरचं.

तुझ्या डिकोडरच्या ट्रीमध्ये दर बिटला एक असे 8 स्विच सिरीजमध्ये आहेत. समज एकाचा ऑन रेझिस्टन्स 30 किलोओम, तर 240 झाले, बफरचा इनपुट 0.3 पिकोफॅरड धरला तर टाऊ 72 नॅनोसेकंद, गुणिले 6.24 म्हणजे जवळजवळ 0.45 मायक्रोसेकंद, आणि मधल्या नोडचा (दोन स्विचमधल्या जोडाचा) कपॅसिटन्स यात अजून धरलाच नाही. रुंदी डबल केलीस तर रेझिस्टन्स अर्धा होईल, कबूल, पण ड्रेन-सोर्सचा कपॅसिटन्सही डबल, त्यामुळे मधल्या नोडचा भाग होता तिथेच राहतो, फायदा फक्त बफरच्या इनपुटपुरता, आणि गेट जड झाल्याने लेव्हल शिफ्टर स्लो होतो ते वेगळंच. एरिया तर शेकडो चॅनेलमध्ये वाढणार.

त्यापेक्षा स्विचची संख्याच कमी कर. दोन दोन बिट आधी डिकोड कर. साध्या ट्रीला 510 स्विच लागतात, या पद्धतीत 256, 64, 16 आणि 4 मिळून 340, सिरीजमध्ये 8 ऐवजी 4, आणि सिलेक्ट लाइन तेवढ्याच 16, कारण आत्ताही तू प्रत्येक बिट सरळ आणि उलटा असा दोनदा नेतेसच. चार चार बिटचे दोन गट केले तर सिरीजमध्ये दोनच राहतील, पण लाइन 32 होतात आणि एकेका नोडवर 15 बंद स्विचचं ओझं येतं, मी तरी दोन दोन बिटनेच सुरुवात करेन. फक्त सिलेक्ट बदलताना जुना स्विच आधी बंद होऊ दे, नवा नंतर चालू, नाहीतर स्ट्रिंगवरचे दोन टॅप (व्होल्टेज घ्यायच्या जागा) क्षणभर शॉर्ट होतात आणि अख्खी गॅमा स्ट्रिंग, म्हणजे तीच रेझिस्टरची स्ट्रिंग, हलते.

आणि टेस्ट फक्त 0 ते 255 अशी करून मोकळी होऊ नकोस. व्हीकॉमच्या (पिक्सेलच्या दुसऱ्या बाजूच्या कॉमन व्होल्टेजच्या) वरच्या रेंजला पीमॉस, खालच्या रेंजला एनमॉस लावलेत ते बरोबर आहे, पण दोन्हीकडे व्हीकॉमजवळच्या लेव्हलला गेटचा ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वर उरलेलं व्होल्टेज) सगळ्यात कमी, वर बॉडी इफेक्टने थ्रेशोल्डच वाढतो, म्हणजे खरा स्लो तिथे.

अजून एक, हे तुझ्या प्लॉटमध्ये दिसणारच नाही कारण तू एकच चॅनेल रन केलाय. रेझिस्टर स्ट्रिंग सगळ्या चॅनेलना मिळून एकच असते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि सकाळी सगळ्या नळांना एकदम पाणी सोडलं की टाकी भरलेली असूनही धार बारीक होते ना, तसंच स्क्रीन एकाच ग्रेवर गेली की होतं. मधल्या टॅपवर स्ट्रिंगचा स्वतःचा रेझिस्टन्स एकूणच्या पाव भाग दिसतो आणि त्यावर सगळे चॅनेल एकदम लटकतात. तेव्हा डिकोडर कितीही फास्ट असला तरी उपयोग नाही, स्ट्रिंगचा रेझिस्टन्स कमी कर किंवा मधे गॅमा बफर वाढव, करंट जास्त जाईल त्याचा हिशोब रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही. सगळे चॅनेल सिम्युलेट करायला तुझा लॅपटॉप पुरणार नाही, बाकीच्यांच्या जागी एकत्रित आर आणि सी टाकलास तरी चालेल.

येत्या रविवारपर्यंत दोन प्लॉट पाठव, एक आयडियल बफरवाला आणि एक सगळे चॅनेल एकाच ग्रेवर जाणारा, दोन्ही व्हीकॉमजवळच्या लेव्हलला. फर्मागुडीला पावसात लाइट जाते तेव्हा रन लावताना मधेमधे सेव्ह करत जा. प्लॉट आले की फोन करतो, मग रुंदीचं ठरवू.

तुझा सर

ता.क. लेव्हल शिफ्टरचा डिले वेगळा मोजून ठेव, तो तू डिकोडरमध्येच धरलायस असं वाटतंय.