‘आधी आपल्या माणसांना सांग’ हे ऐकू नकोस

बाळा,

क्रीडा विभागाच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं काम तुला मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. पहाटे पाचला व्यायाम, दुपारी सराव, शनिवारी सामना आणि त्यातून उरलेल्या वेळात अभ्यास असं त्या मुलांचं आयुष्य असतं. त्यांना तुझ्यासारख्या शिकवणाऱ्याची खरोखर गरज असते. पण तुझ्या मेलमधलं शेवटचं वाक्य मला सतावतंय. प्रशिक्षणात तुला सांगितलं की लैंगिक अत्याचाराबद्दल काही कानावर आलं तर कळवणं बंधनकारक आहे. आणि दुसऱ्याच दिवशी सेंटरमधला एक सीनियर म्हणाला, ‘खेळाडूचं काही असेल तर आधी आपल्या माणसांना सांग, ते बघतात काय ते.’ दोन्ही केलं तर चालेल का, असं तू विचारतोस.

चालणार नाही. कळवायचं ते थेट टायटल नाइनच्या कार्यालयाला, म्हणजे शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा जो अमेरिकी कायदा आहे, ज्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीही येतात, त्याचं काम बघणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला. क्रीडा विभागात आधीही नाही आणि नंतरही नाही. मी इतकी ठाम का आहे ते सांगते. इथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि नामवंत खेळाडूंवरच्या आरोपांची जी जी प्रकरणं मी अभ्यासली, त्यातल्या बहुतेकांत घोळाची सुरुवात याच ‘आधी आपल्या माणसांना’पासून झाली होती.

बेलरचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण ही ‘आपली माणसं’ नेमकं काय करतात ते तिथे कागदावर आलं. टेक्सासमधल्या वेको शहरातलं हे बाप्टिस्ट विद्यापीठ फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाला होतं. २००८ च्या हंगामापासून आर्ट ब्राइल्स प्रशिक्षक झाले. २०११ मध्ये तिथल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली, पुढे लीगची विजेतेपदं आली आणि २०१४ मध्ये ब्राझोस नदीकाठी नवंकोरं स्टेडियम उभं राहिलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत संघातल्या एका माजी खेळाडूला लैंगिक अत्याचारासाठी २० वर्षांची शिक्षा झाली होती. टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. बेलरमध्ये त्यासाठी पूर्णवेळ अधिकारी नेमला गेला नोव्हेंबर २०१४ मध्ये.

मग बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली आणि मे २०१६ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तिचे निष्कर्ष जाहीर केले. जेमतेम तेरा पानं आहेत, तू ती जरूर वाच. त्यात म्हटलं आहे की काही प्रकरणांत फुटबॉलचे प्रशिक्षक आणि कर्मचारी तक्रार करणाऱ्या मुलीला किंवा तिच्या पालकांना स्वतः भेटले आणि क्रीडा विभागाबाहेर कुणालाही त्यांनी ते कळवलं नाही. कसलंही प्रशिक्षण नसताना त्यांनी आपल्या पातळीवर ‘चौकशा’ केल्या आणि त्यातून मुलींनाच खोटं ठरवलं. काही खेळाडूंना ‘संघाचे नियम मोडले’ एवढंच मोघम कारण देऊन काढून टाकलं आणि दुसऱ्या विद्यापीठात जायला मदतही केली. म्हणजे पुढच्या विद्यापीठातल्या मुलींना आपल्या वर्गात कोण येऊन बसलंय याची गंधवार्ताही नाही. ब्राइल्स गेले, अध्यक्ष केन स्टार यांना पदावरून दूर केलं, क्रीडा संचालकांनी राजीनामा दिला. पण पूर्ण लेखी अहवाल तयारच झाला नाही. वकिलांनी आपलं म्हणणं मंडळापुढे तोंडी मांडलं.

दोष फक्त फुटबॉलचा नव्हता, हेही लक्षात घे. विद्यापीठाचे काही प्रशासकीय अधिकारीसुद्धा मुलींना तक्रारीपासून परावृत्त करत होते. शिवाय बेलरच्या आचारसंहितेत दारू आणि विवाहपूर्व संबंध दोन्ही निषिद्ध होते. त्या रात्री पार्टीत प्यायलेली मुलगी तक्रार करायला गेली तर आधी आपल्यालाच शिक्षा होईल, या भीतीने गप्प बसायची. आणि कॉलेजच्या खेळांची सर्वोच्च संस्था, एनसीएए? २०२१ मध्ये त्यांच्या समितीने निकाल दिला की बेलरचं वागणं अस्वीकारार्ह होतं, पण त्याने एनसीएएचा नियम मोडला असं म्हणता येत नाही. म्हणून खेळाची व्यवस्था स्वतःच स्वतःला सावरेल या भरवशावर तू राहू नकोस.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचं प्रकरण वेगळं आहे. तिथल्या क्वार्टरबॅकवर डिसेंबर २०१२ मधल्या एका घटनेबद्दल आरोप झाला. त्याने तो कायम नाकारला, त्याच्यावर कधी खटला भरला गेला नाही आणि विद्यापीठाच्या सुनावणीतही तो दोषी ठरला नाही. म्हणून त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या रात्री काय घडलं याचा निवाडा मी करणार नाही, तूही करू नकोस. मी बघते ते तारखांकडे. क्रीडा विभागाला आरोपाची माहिती जानेवारी २०१३ मध्येच होती. विद्यापीठाची सुनावणी झाली डिसेंबर २०१४ मध्ये. मधल्या काळात तो हाइजमन जिंकला, संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि तक्रार करणारी मुलगी विद्यापीठ सोडून गेली. जवळपास दोन वर्षांनी निवृत्त न्यायमूर्तींसमोर दोघांचं म्हणणं मांडलं गेलं, तेव्हा कुणा एकाचं म्हणणं दुसऱ्यापेक्षा भक्कम आहे असं ठरवता आलं नाही. २०१६ च्या सुरुवातीला विद्यापीठाने तिच्याशी साडेनऊ लाख डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता. वेळेवर चौकशी झाली असती तर तिला उत्तर मिळालं असतं, आणि तो निर्दोष असेल तर त्यालाही ते तेव्हाच मिळालं असतं. आता त्याच्याकडे लोक आयुष्यभर संशयानेच बघणार.

तुला ड्यूक विद्यापीठाचंही माहीत असायला हवं. २००६ मध्ये तिथल्या लॅक्रॉस संघातल्या तीन मुलांवर बलात्काराचा आरोप झाला. हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकांना जावं लागलं, प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपलं मत मांडलं. सरकारी वकील माइक नायफाँग त्या वेळी निवडणुकीला उभे होते. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी तिन्ही मुलं निर्दोष असल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर नायफाँग यांची सनद गेली. ‘बघा, मुली खोटं बोलतात’ असं म्हणायला लोक हे उदाहरण वापरतात. मला त्यातून दुसरंच दिसतं. बेलरमध्ये निर्णय करणाऱ्यांना सामने जिंकायचे होते, ड्यूकच्या प्रकरणात निर्णय करणाऱ्याला निवडणूक जिंकायची होती. ज्याचं काहीतरी पणाला लागलं आहे त्याच्या हातात सत्य शोधायचं काम गेलं की ते काम होत नाही, मग बळी कुणाचाही जावो. तुझ्या सेंटरची ‘आपली माणसं’ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या नोकऱ्या त्या मुलांच्या खेळावर चालतात, एवढंच म्हणते. इथल्या अनेक राज्यांत सरकारी पगारदारांत सगळ्यात मोठा पगार विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो, यावरून काय ते समज.

आता प्रत्यक्ष करायचं काय ते. एखादी मुलगी (मुलगाही असू शकतो) तुझ्यापाशी बोलायला लागली, तर ती सगळं सांगून मोकळी होण्याआधीच तिला हळुवारपणे सांग की हे ऐकल्यावर मला कळवावं लागेल. आणि लगेच पुढे सांग की न कळवता ऐकून घेणारी माणसंही कॅम्पसवर आहेत, समुपदेशन केंद्रात, पीडितांच्या मदतीसाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांत. कुणाकडे जायचं ते तिला ठरवू दे. हे मी सगळ्यात आधी सांगते आहे, कारण इथेच चांगली माणसं चुकतात. पूर्ण ऐकून घेतात आणि मग ‘आता मला कळवावं लागणार’ म्हणतात. तिला ती फसवणूक वाटते, आणि तिचं काही चुकत नाही.

प्रश्न विचारू नकोस. किती प्यायली होतीस, त्याच्या खोलीवर का गेलीस, हे तर नाहीच, पण काळजीपोटीसुद्धा तपशील खणू नकोस. त्यासाठी प्रशिक्षित माणसं आहेत. घटना ताजी असेल तर एवढं सांग की हॉस्पिटलमध्ये फॉरेन्सिक तपासणी होते, तिचे पैसे पडत नाहीत, त्यासाठी पोलिसांत तक्रार केलेली असावी लागत नाही आणि जितकं लवकर जाशील तितकं बरं. औपचारिक तक्रार केली नाही तरी खोली बदलून मिळणं, वर्ग बदलून मिळणं, त्याने संपर्क करू नये असा आदेश मिळणं, हे टायटल नाइन कार्यालयातून होऊ शकतं. बऱ्याच मुलींना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं, एकतर सुनावणीला उभं राहायचं नाहीतर गप्प बसायचं.

त्याच संध्याकाळी तिचेच शब्द, तारीख, वेळ लिहून काढ आणि पाठव. फोनवर सांगितलंस तरी मागोमाग लेखी दे. आणि मग ते तुझ्यापाशीच ठेव. रूममेटला नाही, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

तुझा एखादा खेळाडू विद्यार्थीच येऊन म्हणाला की माझ्यावर आरोप झालाय, तर? त्यालाही माणूस म्हणूनच वागव. त्याची बाजू ऐकायला बसू नकोस. त्याला सांग की सुनावणीत सोबत सल्लागार ठेवायचा हक्क त्याला आहे आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कुणाकडेही बोलू नये. आणि पुढच्या आठवड्यात त्याचं रिग्रेशन नेहमीसारखंच शिकव.

तुझी भीती मला कळते. व्हिसा, वीस तासांचं काम, त्यातून निघणारा खर्च. टायटल नाइनखाली कळवणाऱ्यावर सूड उगवता येत नाही. हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका शाळेतल्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात स्पष्ट केलं. मुलींच्या संघाला दुजाभावाने वागवतात अशी तक्रार केल्यावर त्याचं प्रशिक्षकपद काढून घेतलं होतं. सूड घेणारा माणूस कायदा वाचून थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच सगळं लेखी ठेव. आणि परदेशी विद्यार्थ्याने यात पडू नये असं कुणी म्हणालं, तर स्टॅनफर्ड विद्यापीठाचं आठव. जानेवारी २०१५ च्या त्या रात्री बेशुद्ध मुलीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या ब्रॉक टर्नर या जलतरणपटूला हटकलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं, ते सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश संशोधक विद्यार्थ्यांनी. न्यायाधीशांनी सहाच महिन्यांची शिक्षा दिली आणि तो तीन महिन्यांत सुटला. २०१८ मध्ये मतदारांनी मतदान करून त्या न्यायाधीशांना पदावरून दूर केलं. पण खटला उभा राहू शकला त्यात त्या दोघांच्या साक्षीचा वाटा मोठा होता.

त्या सीनियरशी वाद घालू नकोस. तोही विद्यार्थीच आहे, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो पुढे सांगतोय. विद्यापीठाच्या धोरणाचं पान त्याला पाठव, पुरे. मात्र आधी ते तू स्वतः वाच आणि तुझी नोकरी कळवणं बंधनकारक असलेल्या पदांत येते का ते बघ. टायटल नाइनचे नियम गेल्या काही वर्षांत दोनदा उलटेपालटे झाले आहेत. २०२४ चे नियम जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केले आणि पुन्हा २०२० चे लागू झाले, म्हणून जुन्या प्रशिक्षणाच्या कागदांवर विसंबू नकोस. टायटल नाइन कार्यालय आणि गोपनीय मदत, हे दोन्ही नंबर सोमवारच्या पहिल्या तासाआधी फोनमध्ये घाल. धोरणातलं काही कळलं नाही तर मला पाठव. शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, आपण सोबत बसून वाचू.

तुझी,
मावशी