लेकरू पालथं पडलं, आता पुढे?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत आमचे बालरोगतज्ज्ञ आणि बालफिजिओथेरपिस्ट.

या महिन्याच्या टपालात आनंद भरपूर आहे. फक्त बहुतेक पत्रांत कुठूनतरी शेजारचं नाहीतर नणंदेचं बाळ डोकावतं, आणि आनंदावर विरजण पडतं.

मुलगी तीन आठवड्यांची आहे. झोपेत गोड हसते. सासूबाई म्हणतात, सटवाई हसवते. हे खरं हसू का? (धरमपेठ)

झोपेतलं हसू सटवाईच्या नावावर राहू द्या. ते आपोआप उमटतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही दिसतं. तुम्हाला पाहून येणारं हसू साधारण ६ ते ८ आठवड्यांत येतं. बाळ जागं असतं, तुमच्या तोंडाकडे टक लावतं, क्षणभर थांबतं आणि मग ओठांबरोबर गाल-डोळेही हसतात.

पोट भरलेलं आणि लंगोट कोरडा असताना तुमचा चेहरा बाळापासून वीतभर, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरवर आणा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या; खिडकीकडे पाठ करून बसलात तर तिला नुसती काळी आकृती दिसते. एक वाक्य बोला आणि ५ ते १० सेकंद गप्प राहा. उत्तर द्यायला तिला एवढा वेळ लागतो, आणि नेमकी तेव्हाच घरची मंडळी खुळखुळा, टाळ्या, मोबाइलचा फ्लॅश असं सगळं एकदम सुरू करतात. तिने मान फिरवली की ती दमली असं समजा आणि थांबा. तीन महिने पुरे झाल्यावरही माणसाकडे पाहून हसत नसेल किंवा नजर ठरत नसेल तर दाखवा.

मुलगा साडेआठ महिन्यांचा. छान बसतो, पण रांगत नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतो. नणंदेचा त्याच्याच वयाचा मुलगा दिवाण धरून उभा राहतो. आमचं काही चुकतंय का? (मनीषनगर)

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ५ देशांतल्या ८१६ मुलांचं निरीक्षण केलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५, धरून उभं राहण्याचा ४.८ ते ११.४ आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आला. रांगण्याच्या दोन टोकांत आठ महिन्यांहून जास्त अंतर आहे! शिवाय शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. नणंदेचं बाळ आणि तुमचं, दोन्ही या हद्दीत आहेत.

तारखेपेक्षा ढब पाहा. बसणं पक्कं आहे का, हे असं ठरतं: फरशीवर बसवल्यावर पाठ ताठ, हात जमिनीला न टेकता १० सेकंद. सरकताना दोन्ही हात सारखेच वापरतो का? एक पाय मागे फरपटतो का? एक मूठ सतत मिटलेली राहते का? वर्षाच्या आत एकच हात ठरवून पुढे येत असेल तर ‘डावखुरा आहे’ म्हणून कौतुक करू नका, दुसरा हात का मागे राहतो ते तपासा. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बसत होता तो बसेनासा झाला, हुंकार देत होता तो गप्प झाला, तर एक आठवडाही थांबू नका.

आता रांगण्यासाठी. न रांगणाऱ्या बाळांच्या घरी बहुतेकदा एकच गोष्ट सापडते: बाळ जमिनीवर फारसं नसतंच. कडेवर, पाळण्यात, नाहीतर उशांच्या कोंडाळ्यात असतं. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं पालथं घाला. गादीवर नको, तिथे कोपर रुततं, सतरंजी बरी. चकचकीत टाइल्सवर गुडघे घसरतात, म्हणून मोजे आणि लांब पायजमा काढा. छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली तर हातांवर भार येतो. खेळणं हाताला लागेल इतकं जवळ नको आणि रडवेल इतकं लांबही नको, वीतभर पुढे आणि थोडं बाजूला ठेवा. वळण्यातूनच तो बसलेला हातांवर येतो. रडला की उचलून घ्या आणि तासाभराने पुन्हा.

नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं सकाळी नऊच्या आत किंवा दिवे लागल्यावर. वरच्या मजल्यावर दुपारी स्लॅब तापलेला असतो, बाळ मरगळतं आणि आपण त्याला आळशी ठरवतो. कूलरचा झोत अंगावर सरळ नको.

मरगळ रोजचीच असेल तर लोहाचं विचारा. सहा महिन्यांनंतर सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप (२० मिलिग्रॅम लोह) दिलं जातं, आशाताई किंवा अंगणवाडीकडे मिळतं. माता-बाल संरक्षण कार्डावर या टप्प्यांची चित्रंही आहेत, लसीच्या तारखा पाहून ते आपण घडी घालून ठेवून देतो.

नातू नऊ महिन्यांचा झाला. इतवारीतून चाकाचा वॉकर आणला, तर सून बसवूच देत नाही. आमच्या वेळी पांगुळगाड्यानेच सगळी पोट्टी चालली. कोण बरोबर, सांगा जी. (महाल)

आजी, वॉकरबाबत सूनबाई बरोबर. पांगुळगाड्याबाबत तुम्ही, पण दोन-तीन महिन्यांनी.

वॉकरमध्ये लेकरू झोळीत लोंबकळतं. भार जांघेवर पडतो, चवड्यांनी रेटा देऊन ते पळतं, स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत आणि तोल सांभाळायची गरजच पडत नाही. म्हणून चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. सेकंदात तीन फूट पुढे गेलेला वॉकर पायरीवर किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोचतो, आपण उठेपर्यंत उशीर होतो. कॅनडाने २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे.

पांगुळगाड्यात पोर स्वतःच्या पायांवर उभं असतं. दिवाण धरून बाजूबाजूने चालू लागलं की तो वापरायला बाहेर काढा. गाडा पुढे पळू नये म्हणून खालच्या फळीवर दोन-तीन किलोची तांदळाची पिशवी बांधा. अनवाणी, सतरंजीवर, कुणीतरी मागे. उभं राहायला लागलं की कूलरच्या टाकीपर्यंत हातही पोचतो: अर्थिंग तपासून घ्या, वायर भिंतीकडे वळवा, खाली पाण्याची बादली ठेवू नका.

मुलगी ३२व्या आठवड्यात झाली, आज सहा महिन्यांची आहे. बसत नाही. (नंदनवन)

पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांतून ३२ गेले, उरले ८ आठवडे. विकासाच्या हिशेबात ती चारच महिन्यांची आहे. या वयात मान धरणं पाहायचं, बसणं नाही. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब ठेवा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी राहिली असेल तर आधी ती करा.

मुलगी दहा महिन्यांची. दोन बोटांच्या चिमटीत बारीकसारीक सगळं उचलते, पाहत बसावंसं वाटतं! संक्रांतीला बोरन्हाण करायचं आहे. काही काळजी? (खामला)

अंगठा आणि तर्जनीची ही चिमट नऊ-दहा महिन्यांची मोठीच कमाई आहे. पण उचललेलं सगळं तोंडात जातं, आणि बोरन्हाणात नेमके श्वासनळीत अडकणारे जिन्नस असतात: बोरं, हरभरे, शेंगदाणे, हलवा, गोळ्या, उसाचे करवे. तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या घाला, बाकीचं पाहुण्या मुलांना ताटात द्या आणि ती खाली उतरण्याआधी फरशी झाडून घ्या.

तरीही अडकलं, आवाज फुटेना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा दाबा. आळीपाळीने करत राहा, दुसऱ्याने १०८ लावावा. बाळ जोरात खोकत असेल तर मात्र खोकू द्या.

आणि घरात अख्खी संत्री असतील तर ती तिच्याभोवती मांडा. चिमटीत मावत नाहीत, तोंडात जात नाहीत, ढकलली की घरंगळतात. ती मागे रांगत निघेल, तेव्हाचा फोटो काढा.