पावसाळ्यातला एक दिवस मागून घ्या

प्रिय ताई,
मी रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरच्या, वनस्पतींवर पीएचडी चालू आहे, पण ती पुढे सरकत नाही. लेक्चर, प्रॅक्टिकल, परीक्षेचं काम, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. गाइड म्हणतात, शिकवण्यात एवढा जीव ओतू नका. एक सहकारी म्हणतो, पैसे भरा, पेपर छापून येतो. मला वर्गात मनापासून आवडतं. मी काय सोडू?
— एक प्राध्यापिका

प्रिय मैत्रिणी,

शिकवणं सोडू नका आणि पीएचडीही सोडू नका. तुमचा वेळ तिसरंच काहीतरी खातंय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असतं आणि एकूण काम 40 तासांचं. मधले तास तयारीचे, मुलांचे, संशोधनाचे. ते जातात जुन्या कार्यक्रमांचे फोटो तारीखवार लावण्यात आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) ग्रुपवर रात्री उशिरा ‘उद्या सकाळपर्यंत’ म्हणून मागितलेली माहिती भरण्यात.

तुमची अडचण तर आणखी बिकट. सडा फुलतो पावसाळ्यात. गेंद, सीतेची आसवं, कवला ही फुलं जी दिसायची ती तेव्हाच, नंतर कातळ पुन्हा कोरडा. नेमकं त्याच वेळी पहिलं सत्र ऐन भरात असतं. एक पावसाळा हुकला की काम वर्षभर मागे पडतं, आणि हे प्राचार्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून टाइमटेबल ठरण्याआधी लेखी अर्ज द्या: पहिल्या सत्रात आठवड्यातला एक दिवस मोकळा हवा, तास इतर दिवशी भरून देते, परीक्षेचं काम दुसऱ्या सत्रात घेते. तोंडी कबूल झालेला दिवस पहिल्याच मीटिंगला जातो. नॅकचं काम टळणार नसेल, तर संशोधन आणि विस्तारकार्याचा भाग मागा. निदान तुमच्या विषयाच्या जवळ राहाल.

मुलांनाही सड्यावर न्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. मीटरभर चौकट टाकून आतली रोपं मोजणं मुलांना छान जमतं. कातळावर ओणवं होऊन, सीतेच्या आसवांच्या इवल्या पिशव्या भिंगातून पाहिलेल्या पोराला कीटकभक्षी वनस्पती वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. फक्त त्यांनी मोजलेले आकडे वापरलेत, तर प्रबंधात आणि पेपरात त्यांची नावं आली पाहिजेत. ती मुलं म्हणजे फुकटचे हात नव्हेत.

पैसे भरून पेपर? अजिबात नको. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती 2022 च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या नोंदणीला कोणता नियम लागू आहे, तेवढं विद्यापीठात विचारून घ्या. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायचं काम आता आपल्यावरच आहे. बोगस जर्नलातला पेपर पुढची सगळी वर्षं तुमच्याच नावावर राहील, सहकाऱ्याच्या नाही.

गाइडपुढे शिकवण्याबद्दल सफाई देत बसू नका. गेल्या पावसाळ्यात जेवढी निरीक्षणं झाली, त्यांचं एक कच्चं प्रकरण लिहून याच महिन्यात त्यांना भेटा. अपुरं असलं तरी चालेल. आणि प्राचार्यांना दिलेल्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

तुमची ताई